आळीतलं जुनं झाड वाचवायचं असेल तर: काय करावं, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, अलिबाग अशा किनाऱ्यावरच्या लहान शहरांत जुनं झाड तुटतं तेव्हा बहुतेक वेळा एकच क्रम दिसतो. सकाळी कटरचा आवाज येतो, आळीतली माणसं धावत येतात, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात, कोणीतरी नगरसेवकाला फोन लावतो. ठेकेदार खिशातून परवानगीचा कागद काढून दाखवतो आणि दुपारपर्यंत फांद्या टेम्पोत भरून जातात. तो कागद बहुधा खरा असतो. हरकत घ्यायची मुदत त्याआधीच संपलेली असते, आणि ती चालू असताना आळीत कोणाला पत्ताच नव्हता.

दुसरी चूक याहून मोठी. रीतसर परवानगी घेऊन तोडलेल्या झाडांची निदान चर्चा तरी होते. गटाराचा चर, खोडाला भिडवलेले पेव्हर ब्लॉक आणि मे महिन्यात घाईघाईने केलेली छाटणी यांनी गेलेल्या झाडांची कोणी नोंदही घेत नाही. म्हणून या लेखात कागदांची कामं आणि झाडाच्या अंगावरची कामं दोन्ही घेतली आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नका. तिसरा टप्पा न करता पाचव्यावर उडी मारली की हरकत फेटाळली जाते.

## टप्पा १: झाड कोणाच्या हद्दीत आहे ते आधी ठरवा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अर्ज चुकीच्या टेबलावर पडला की पंधरा दिवस वाया जातात.

झाड नगरपरिषदेच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. अर्ज, हरकत, तक्रार सगळं नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातं आणि निर्णय वृक्ष प्राधिकरण घेतं. लहान नगरपरिषदांत वृक्ष अधिकारी म्हणून वेगळा माणूस नसतो, दुसऱ्या विभागातल्या कोणाकडे तरी हा कार्यभार दिलेला असतो. तो कोण, हे आजच विचारून ठेवा.

शहर पसरत पसरत शेजारच्या गावांत गेलेलं असतं. रत्नागिरीत नाचणे, शिरगाव, कुवारबाव, मिरजोळे इथे राहणारा माणूस स्वतःला शहरातलाच समजतो, पण त्या ग्रामपंचायती आहेत. तिथे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम चालतो. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ अशी ठरावीक झाडं आहेत. वड, पिंपळ, उंडी त्या यादीत नाहीत, म्हणून ग्रामपंचायत हद्दीतल्या वडासाठी वेगळी तयारी लागते. तिथे ग्रामसभेचा ठराव हाच पहिला आधार.

खाडीकाठची कांदळवनं हा तिसरा प्रकार. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई आहे आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामालाही. इथे नगरपरिषदेकडे हेलपाटे घालू नका. तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष, दोघांकडे एकाच दिवशी लेखी तक्रार द्या.

तपासा: सिटी सर्व्हे नंबर किंवा सर्व्हे नंबर हातात आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आळीची बैठक, आणि तिला जागामालक हवाच

गट चार-पाच जणांचा पुरे. झाडासमोर राहणारा एक, रोज स्थानिक पेपर बारकाईने वाचणारा एक, अर्ज नीट लिहिणारे निवृत्त गुरुजी किंवा बाई, आणि कामाच्या दिवशी अकरा वाजता नगरपरिषदेत जाऊ शकेल असा एक. मोठी समिती केली की कामं कोणीच करत नाही.

जागामालकाला टाळून झाड वाचत नाही. आपल्याकडे जमीन एकाच्या नावावर आणि झाडावर हक्क भावकीतल्या पाच जणांचा, त्यातले तिघे मुंबईत, अशी स्थिती नेहमीचीच. म्हणून बैठक गणपतीत किंवा शिमग्याला ठेवा, चाकरमानी घरी असतात तेव्हा. मालकाला पहिला प्रश्न असा विचारा: "काका, या झाडाचा तुम्हांला नेमका त्रास काय होतो?" उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. पन्हळीत पानं अडकतात, एक फांदी कौलांवर आली आहे, गडग्याला तडा गेलाय. यातला प्रत्येक त्रास झाड न तोडताही सुटू शकतो. वर्षातून दोनदा पन्हळ साफ करून द्यायची जबाबदारी आळीने घेतली तर अर्ज पडतच नाही. माझ्या मते अशा शहरांत सर्वांत जास्त झाडं याच टप्प्यावर वाचू शकतात.

याच बैठकीत सणांचाही विषय काढा. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या तोडून विकल्या जातात, दोऱ्याच्या जागी नायलॉन येतो, पणत्या थेट बुंध्याला टेकवतात. होळीसाठी झाड आणायचं असेल तर मानकऱ्यांशी महिनाभर आधी बोला. पोफळ किंवा वाऱ्याने कलंडलेलं झाड घेता येतं का, हे त्यांनाच ठरवू द्या. बाहेरून कोणी येऊन परंपरेवर बोट ठेवलं की संवाद तिथेच संपतो.

## टप्पा ३: झाडाची नोंद, नोटीस येण्याआधी

सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच. वाद सुरू झाल्यावर काढलेले फोटो आणि वाद नसताना केलेली नोंद यांच्या वजनात फार फरक पडतो.

एका झाडाला वहीचं एक पान द्या. त्यात हे लिहा:

1. झाडाचं नाव, जागेचा नंबर आणि दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर (विहीर, घराचा कोपरा, विजेचा खांब).
2. छातीच्या उंचीवरचा घेर, तारखेसह.
3. चारही दिशांनी फोटो. एक फोटो बुंध्याचा जवळून, एक संपूर्ण झाडाचा, आणि प्रत्येकात एक न हलणारी खूण दिसली पाहिजे.
4. झाडावर काय आहे: घरटी, वटवाघळं, ढोली, मधमाश्यांची पोळी.
5. झाडाखाली काय चालतं: रिक्षा स्टँड, मासळीच्या टोपल्या, शाळेच्या मुलांची थांबायची जागा.

घेर मोजायची पद्धत नीट पाहा, कारण सुनावणीत आकडा चुकला की बाकी सगळ्यावर शंका घेतली जाते. जमिनीपासून १.३७ मीटरवर खडूने खूण करा. उतारावरचं झाड असेल तर उंची वरच्या बाजूच्या जमिनीपासून मोजायची. शिंप्याकडची कापडी टेप खोडाला आडवी, सैल न ठेवता आणि न आवळता गुंडाळा. मागे एकाने टेप धरलेली हवी, नाहीतर ती पाठीमागे हमखास खाली घसरते आणि घेर वाढतो. खुणेवर गाठ किंवा फुगवटा आला तर त्याच्या थोडं वर मोजा आणि किती उंचीवर मोजलं ते लिहा. खुणेच्या खालीच खोडाचे दोन भाग झाले असतील तर दोन्हींचे घेर वेगळे नोंदवा. वडाच्या जाड झालेल्या पारंब्या मुख्य खोडात धरू नका, त्यांची संख्या वेगळी लिहा.

वय का हवं? २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची हेही त्याच्या वयावरच ठरतं. घेरावरून वय सांगता येत नाही असं नाही, पण खाऱ्या वाऱ्यात, कातळावर वाढलेली उंडी पन्नास वर्षांची असूनही बारीक दिसते. म्हणून घेराबरोबर दुसरा पुरावा जोडा: लग्नाचे, मिरवणुकीचे, शाळेचे जुने फोटो, ज्यात झाड मागे दिसतं, जुना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि ऐंशीच्या घरातल्या दोन व्यक्तींची सही केलेली निवेदनं. निवेदनात "फार जुनं झाड आहे" असं नको. "मी तिसरीत असताना या बकुळीची फुलं वेचत असे, तेव्हाही तिची उंची कौलांच्या वर होती" असं हवं.

ही नोंद एका साध्या पत्रासोबत नगरपरिषदेच्या आवक-जावक कक्षात द्या. कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. "पुढील गणनेत या झाडांची नोंद व्हावी" एवढीच मागणी करा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

सावधान: नोंदवही करताना झाडावर खिळा ठोकून नंबरपट्टी लावू नका. वाचवण्याच्या नावाखाली जखम कशाला?

## टप्पा ४: नोटिशीवर नजर

तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची असते. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची असते आणि त्या झाडावरही, ठळक दिसेल अशा जागी, नोटीस लावायची असते. प्रत्यक्षात झाडावरचा कागद पहिल्या सरीत गळून पडतो आणि पेपरातली नोटीस निविदांच्या गर्दीत लपते.

पेपर वाचणाऱ्याने जाहीर नोटिशींचं पान रोज पाहायचं. झाडासमोर राहणाऱ्याने आठवड्यातून एकदा बुंध्याभोवती फेरी मारायची. नोटीस दिसली की ती फाडू नका. तारीख दिसेल असा तिचा फोटो काढा. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते, ती अनेकदा सातच दिवसांची असते, आणि त्यात सुट्ट्या धरलेल्या असतात.

नोटीस झाडावर लावलीच नसेल तर तेही छायाचित्रासह लिहून ठेवा. प्रक्रियेतली अशी त्रुटी हा पुढे सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो.

## टप्पा ५: हरकत

"हे झाड आमच्या भावनांशी जोडलेलं आहे", "झाडे लावा झाडे जगवा", "प्राणवायू मिळतो". अशा ओळींनी भरलेली, शंभर सह्यांची हरकत एका वाक्यात निकाली निघते. कारण अर्जदाराने म्हटलेलं असतं "झाड धोकादायक आहे", आणि हरकतीत त्याला उत्तरच नसतं.

म्हणून आधी अर्जाची आणि पाहणी अहवालाची प्रत मागा. नगरपरिषदेत जाऊन फाईल पाहायला मिळाली तर उत्तम. माहिती अधिकाराचा अर्जही त्याच दिवशी टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मात्र उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून त्यावर विसंबून हरकत लांबवू नका. हा अर्ज पुढच्या टप्प्यासाठी.

मग अर्जातल्या कारणाला नेमकं उत्तर द्या.

कारण "धोकादायक" असेल तर स्वतः प्रामाणिकपणे झाड पाहा. बुंध्याजवळ अळंबी उगवली आहे का, मुळांशी जमिनीला ताजी भेग आहे का, झाड अलीकडेच कललं आहे का, मोठ्या फांद्या वाळल्या आहेत का? यातलं दोन-तीन दिसत असेल तर हरकत घेऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात घरांवर झाडं पडलेली लोकांनी पाहिली आहेत, त्यांची भीती खोटी नाही. पण नुसती ढोली म्हणजे धोका नव्हे. कितीतरी जुने वड, चिंचा पोकळ असूनही उभ्या असतात. आणि वर्षानुवर्षं कललेलं झाड वेगळं, परवा कललेलं वेगळं. तुमच्या वहीतले जुने फोटो इथे उपयोगी पडतात.

कारण "रस्ता रुंदीकरण" असेल तर मंजूर आराखड्याची प्रत मागा आणि झाड प्रत्यक्ष किती आत येतं ते मोजा. "इमारतीला अडथळा" असेल तर प्रवेशाची जागा हलवता येते का ते सुचवा.

हरकतीचा गाभा असा असावा:

*"सि.स. नं. ___ मधील उंडीचे झाड (घेर ___ मीटर, दि. ___ रोजी मोजलेला) धोकादायक असल्याचे अर्जात म्हटले आहे. दि. ___ व दि. ___ च्या छायाचित्रांत झाडाचा कल बदललेला नाही. बुंध्याशी कुज किंवा जमिनीत भेग आढळत नाही. घराकडील वाळलेली एक फांदी काढल्यास धोका दूर होतो. सबब तोडण्याऐवजी शास्त्रीय छाटणीची परवानगी द्यावी. आम्हांस सुनावणीस बोलवावे."*

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. पर्याय सुचवला नाही तर अधिकाऱ्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि सुनावणी मागितली नाही तर ती होईलच असं नाही.

सह्या दहा असल्या तरी चालतील, पण झाडाच्या सावलीत राहणाऱ्यांच्या हव्यात. मालकाची किंवा त्याच्या भावाची एक सही शंभरांना भारी पडते.

तपासा: मुदतीच्या आत दिली का? पोच घेतली का? जोडपत्रांवर क्रमांक आहेत का?

## टप्पा ६: परवानगी मिळालीच तर

परवानगी दिल्यापासून पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. हा काळ याचसाठी आहे की कोणाला दाद मागायची असेल तर मागता यावी. या काळात हरकत आली तर प्राधिकरणाने पुन्हा विचार करायचा असतो. म्हणून परवानगीच्या आदेशावरची तारीख सर्वांत आधी वाचा. तारीख आणि आजचा दिवस यांत पंधरा दिवसांचं अंतर नसेल तर लगेच मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा. उच्च न्यायालयात जायचं झालं तर वकिलाला पहिल्या दोन-तीन दिवसांतच भेटा. बाराव्या दिवशी कोणीही फार काही करू शकत नाही.

परवानगी नसताना कटर आला, आणि तो बहुधा शुक्रवारी संध्याकाळनंतर किंवा लागून सुट्ट्या आल्या की येतो, तर क्रम असा ठेवा: परवानगीची प्रत मागा आणि तिचा फोटो काढा, ११२ ला फोन करा, वृक्ष अधिकाऱ्याला फोन आणि लगेच लेखी संदेश, गाडीचा नंबर आणि कामाचं चित्रीकरण. कटर हिसकावू नका, फांदीखाली उभे राहू नका. झाड पडलंच तर खुंटाचा घेर मोजून फोटो घ्या आणि पंचनाम्याचा आग्रह धरा. सोमवारी तो खुंट तिथे नसतो.

कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त आडवं पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. बुंध्याला भोकं पाडून रसायन ओतलेलं किंवा साल गोल सोललेली दिसली तर ती तक्रारही याच कायद्याखाली करा.

## टप्पा ७: पावसाळ्याआधीची छाटणी

पाऊस तोंडावर आला की मे अखेरीस सगळीकडे फांद्या उडवायला सुरुवात होते. तो काळ कावळ्यांच्या घरट्यांचा. उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं असेल तर त्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतात. त्या झाडाला वनखात्याला कळवल्याशिवाय हात लावू नका. छाटणीची पाहणी जानेवारीत करा आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. वाळलेली फांदी मात्र कधीही काढता येते.

तीन काप घालायचे. पहिला काप फांदीच्या खालून, खोडापासून हातभर अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून, आरपार. फांदी पडते, पण साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची सुरकुतलेली, फुगीर कडा असते. काप त्या कडेच्या अगदी बाहेर यावा. कडा कापली तर जखम भरत नाही आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत तिथूनच कूज आत शिरते. लांब खुंट सोडला तरी तेच होतं. जखमेवर डांबर किंवा रंग फासू नका, त्याने ओल आत अडकते.

दोन गोष्टी करू देऊ नका. एक, शेंडा उडवणं. त्यानंतर फुटणाऱ्या फांद्या नुसत्या सालीला चिकटून असतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच पडतात. दोन, तारांसाठी एकच बाजू साफ करणं. एकांगी झालेलं झाड वाऱ्यात पीळ खातं. वर्षाला एक चतुर्थांशाहून जास्त पानोळा काढायचा नाही. तारांजवळच्या फांद्यांसाठी महावितरणच्या कार्यालयाला एप्रिलमध्येच पत्र द्या, म्हणजे पुरवठा बंद करून, आळीतला माणूस हजर असताना काम होईल.

## टप्पा ८: खोदकाम, पार आणि पेव्हर ब्लॉक

जांभ्याच्या जमिनीत मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. घेराच्या साधारण चौपट अंतरापर्यंतची जमीन झाडाची समजा. दोन मीटर घेर म्हणजे आठ मीटर. आळीच्या रस्त्यात एवढी जागा सोडता येत नाही, हे खरं. मग निदान तेवढ्या भागात जेसीबी नको, हाताने खणा, आणि अंगठ्याहून जाड मूळ दिसलं की पाईप त्याच्या खालून घाला.

किनाऱ्यावर एक मूळ दुसऱ्यासारखं नसतं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झाडाला धरून ठेवतात ती त्याच बाजूची मुळं. गटाराचा चर समुद्राच्या बाजूला आला आणि तिथली मुळं तुटली तर झाड हिरवंगार दिसत राहतं आणि जुलैत मुळासकट उलटतं. चर दुसऱ्या बाजूने नेता येतो का, हा प्रश्न आखणी चालू असतानाच विचारा.

पार बांधताना बुंध्याभोवती मातीचा भराव टाकून वर काँक्रीट करणं म्हणजे झाडाला सावकाश मारणं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवतीच्या एक मीटर परिघातलं काँक्रीट काढायला आणि खोडावरचे फलक, तारा, खिळे हटवायला सांगितलं होतं. नगरपरिषदेला पत्र लिहिताना त्याचा दाखला द्या. पारच हवा असेल तर कोरड्या जांभ्याच्या चिऱ्यांचा, खोडापासून सुटा, आतली जमीन मूळ पातळीवरच.

तपासा: बुंधा जमिनीत शिरताना पसरट दिसतो का? खांबासारखा सरळ आत गेलेला दिसत असेल तर भराव पडलेला आहे. हाताने उकरून काढा.

## टप्पा ९: भरपाईची झाडं आणि पुनर्रोपण

पुनर्रोपणाच्या आश्वासनावर लगेच हरकत मागे घेऊ नका. वड, पिंपळ, माड यांना ते बऱ्यापैकी सोसतं. जुना आंबा, फणस, बकुळ यांना फारसं नाही. मुळं काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने कापली जाणार आहेत का, हे विचारा. "उद्या क्रेन येईल" असं उत्तर आलं तर हरकत कायम ठेवा.

वादळात कलंडलेलं तरुण झाड मात्र उभं करता येतं. उघडी मुळं त्याच दिवशी ओल्या गोणपाटाने झाका, पानोळा कमी करा, तुटलेली मुळं स्वच्छ कापा, झाड उभं करून तीन बाजूंनी टेकू द्या. टेकूची दोरी थेट सालीवर बांधू नका, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि वर्षाने सैल करा.

भरपाईची झाडं कोणती, कुठे आणि कोण पाणी घालणार, हे आदेशातच लिहून घ्या. समुद्राच्या तोंडावर उंडी, भेंड, करंज. आतल्या आळ्यांत बकुळ, सुरंगी, जांभूळ. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष लवकर सावली देतात म्हणून लोक मागतात, पण वाऱ्यात त्यांच्याच फांद्या आधी मोडतात. रोपं जूनच्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर लावा आणि पाण्याची पाळी पहिल्या डिसेंबरपासून लावून ठेवा. पावसाळाभर जगलेली रोपं मार्च-एप्रिलच्या कातळतापात मरतात. पहिला पाहणी अहवाल मे अखेरीस मागा, सप्टेंबरात नव्हे.